प्राणवायूचे माप



ज्या वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच वर्षातील, म्हणजे १८७५ मधील, एका दुपारची हकीकत सांगून मी आजच्या विषयाला हात घालणार आहे. स्थळ पॅरिस, तारीख १५ एप्रिल. ला व्हिलेत येथील गॅसच्या कारखान्याच्या आवारातून ‘झेनिथ’ नावाचे एक बलून सकाळी साडेअकराच्या सुमारास आकाशात चढले. खालच्या पाळण्यात तिघे जण बसले होते. पहिला सिवेल, हा पूर्वीचा दर्यावर्दी. दुसरा क्रोचे-स्पिनेल्ली, तरुण आणि शास्त्राचा नादी. तिसरा गास्तों तिसांदिए, विज्ञानावर सुबोध लिहिणारा लेखक. उंचावरच्या हवेची तपासणी करावी, या हेतूने हे तिघे निघाले होते. वर हवा विरळ असते आणि विरळ हवेत माणूस घाबरा होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणूनच हवा आणि प्राणवायू यांच्या मिश्रणाने भरलेल्या तीन पिशव्या त्यांनी डोक्यावर टांगून घेतल्या होत्या. हात वर करावा, नळी तोंडात धरावी, की काम झाले!

दुपारी दीडच्या आत बलून सात हजार मीटरच्या वर गेले. साडेसात हजार मीटरच्या आसपास सिवेलने सोबत्यांना विचारले आणि वाळूच्या पिशव्यांच्या दोऱ्या कापल्या. बलून झपाट्याने वर निघाले. तिसांदिएने पुढे लिहून ठेवले आहे की, त्या वेळी त्याला कसलीही वेदना नव्हती आणि भीतीही नव्हती. उलट अंतःकरणात एक प्रकारचा आनंद भरून आला होता. नळी घ्यावी असे मनात आले, परंतु हात उचलेना. वायुभारमापकाचा काटा आठ हजार मीटर दाखवू लागला, तेव्हा ते ओरडून सांगावे असे वाटले, पण जीभ वळेना. मग डोळे मिटले. काही वेळाने शुद्धीवर येऊन पाहतो तो बलून खाली उतरत होते. मध्येच क्रोचे-स्पिनेल्लीही जागा झाला आणि त्याने, कोण जाणे कोणत्या भ्रमात, उरलेले वजन बाहेर फेकून दिले. बलून पुन्हा वर गेले. दुपारी चारच्या सुमारास पॅरिसपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, सिरों या गावाजवळ, ते जमिनीवर आदळले. तिसांदिए तेवढा जिवंत होता. त्याचे दोन्ही सोबती काळवंडलेल्या चेहऱ्याने पाळण्यात मरून पडले होते. ते ८,६०० मीटरपर्यंत पोचले होते, असे मागाहून नळ्यांवरून ठरले. तेथे हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या सुमारे एक तृतीयांश एवढाच असतो.

आता असे पाहा की, या तिघांजवळ प्राणवायू नव्हता असे नाही. तो हाताच्या अंतरावर टांगलेला होता. प्राणवायूच्या उणिवेने माणूस कसा मरतो, हा प्रश्न विचारताना आपण नेहमी गृहीत धरतो की, साठा संपला, पुरवठा तुटला, म्हणून माणूस गेला. झेनिथची गोष्ट तशी नव्हे. आणि खरे सांगायचे तर, या विषयाचा पुढील दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ‘नव्हता म्हणून मेला, मिळाला म्हणून जगला’ इतका साधा हिशेब फार थोड्या ठिकाणी जुळतो.

मुळापासून थोडे सांगितले पाहिजे. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडात जोसेफ प्रीस्टले या धर्मोपदेशकाने मोठे भिंग घेऊन सूर्यकिरणांनी पाऱ्याचे तांबडे भस्म तापविले आणि त्यातून निघालेला वायू गोळा केला. त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. पुढच्या वर्षी त्याने त्यात उंदीर कोंडून पाहिला; साध्या हवेत जितका वेळ टिकला असता त्याच्या दुप्पट वेळ तो टिकला. स्वीडनमध्ये शेले या औषधविक्रेत्याला हा वायू त्याही आधी सापडला होता. परंतु त्याचे पुस्तक १७७७ साली बाहेर पडले, आणि श्रेयाच्या बाबतीत उशीर हा कधी क्षमा होत नाही! या वायूचा खरा अर्थ लावला तो पॅरिसच्या लाव्हाझिएने. श्वसन म्हणजे एक मंद ज्वलनच होय, हे त्याने गिनीपिगच्या अंगातील उष्णता बर्फ वितळवून मोजून दाखविले. नाव देताना मात्र तो चुकला. सर्व आम्ले या वायूपासून होतात असे त्याला वाटले, म्हणून त्याने ‘आम्लजनक’ या अर्थाचा ऑक्सिजन हा शब्द बनविला. आपल्या भाषेने प्राणवायू म्हटले, ते अधिक शहाणपणाचे. पण या नावातही एक गोम आहे. प्राण म्हटले की तो जास्त झाला असे कोणी कधी म्हणत नाही! प्रीस्टलेला मात्र शंका आली होती. शुद्ध वायूत मेणबत्ती जशी लवकर जळून जाते, तसे माणसाचे आयुष्यही त्यात फार वेगाने सरेल की काय, असे तो म्हणून गेला. तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १७९९ साली ब्रिस्टलला डॉ. बेडोज यांनी वायूंनी रोग बरे करण्याची संस्थाच काढली. पण किती वायू द्यावा, केव्हा द्यावा आणि रक्तात त्यातील किती पोचतो, याचे मापच हाती नसल्यामुळे तो सगळा उद्योग हौसेवर चालला आणि लवकरच थांबला.

माप आणले ते पॉल बेर याने. हा क्लोद बर्नारचा शिष्य, सॉर्बोन विद्यापीठात शरीरशास्त्राचा प्राध्यापक. त्याने लोखंडी पत्र्याच्या मोठ्या पेट्या करविल्या. त्यांतील हवा पंपाने विरळ करता येई किंवा दाबून दाट करता येई. त्यांत तो चिमण्या ठेवी, कुत्री ठेवी आणि शेवटी स्वतः बसे. एकदा आत बसला असताना नाडीचे ठोके मोजून त्याने त्या आकड्याला तिनाने गुणायला घेतले. ते साधे गुणाकाराचे काम त्याला जमेना. प्राणवायूची नळी तोंडाला लावताच बुद्धी ठिकाणावर आली. पर्वतावर किंवा बलूनमध्ये माणूस आजारी पडतो तो हवेच्या कमी दाबामुळे नव्हे, तर त्या दाबातील प्राणवायूच्या वाट्यामुळे, हे त्याने निर्विवाद सिद्ध केले. सिवेल आणि क्रोचे-स्पिनेल्ली हे दोघे १८७४ साली याच पेटीत बसून आले होते! झेनिथच्या उड्डाणाआधी बेर पॅरिसबाहेर होता. नेलेला प्राणवायू पुरणार नाही, असा इशारा देणारे पत्र त्याने पाठविले. ते पत्र उशिरा पोचले. वायू थोडा आहे, तेव्हा खरी गरज भासेपर्यंत तो राखून ठेवावा, असे तिघांनी ठरविले होते. आणि गरज भासण्याची वेळ आली, तेव्हा ती जाणणारे इंद्रियच बधिर झाले होते.

असे का व्हावे? श्रोत्यांपैकी ज्यांनी विहिरीत बुडी मारून दम कोंडून पाहिला असेल, ते म्हणतील, प्राणवायू कमी पडला की जीव कासावीस होतो, कळत कसे नाही? पण ती कासाविशी प्राणवायूच्या उणिवेची नसते. ती मुख्यतः अंगात साचलेल्या कर्बद्विप्राणिद वायूची असते. माणूस उंचावर जाऊन भराभर श्वास घेऊ लागला, की हा वायू उलट धुऊन निघतो. मग तक्रार करणारे कोणी उरत नाही. मेंदू मंदावतो आणि मंदावलेला मेंदूच सांगत असतो की, सर्व ठीक आहे. जुन्या आडात किंवा पेवात उतरण्यापूर्वी दोराने दिवा खाली सोडून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे, तिचे मर्म हेच. दिवा विझला तर उतरायचे नाही. आपल्या छातीवर विश्वास ठेवण्यापेक्षा ज्योतीवर ठेवलेला बरा.

बेरनंतर हा धागा उचलला तो जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की बहुतेक माणसे आगीने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड या वायूने मरतात, असे त्याने १८९६ च्या अहवालात दाखविले. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला असा काही चिकटतो की, प्राणवायूला बसायला जागाच राहत नाही. हॉल्डेनने तो स्वतः हुंगून, पाय लटपटू लागेपर्यंत, टिपणे केली. मग १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या रणांगणावर क्लोरिन वायू सोडला गेला आणि हजारो सैनिकांची फुप्फुसे पाण्याने भरली. त्यापूर्वी इस्पितळांत प्राणवायू देत असत तो चेहऱ्यापुढे एक नसराळे धरून. त्यातला बहुतेक खोलीत उडून जाई. हॉल्डेनने मापून वायू सोडणारे आणि तोंडावर घट्ट बसणारे साधन तयार केले आणि १९१७ साली त्यावर लेख लिहून वैद्यांना चांगलेच झापले. त्याचा आग्रह असा की, प्राणवायू तुटला म्हणजे शरीराचे यंत्र नुसते बंद पडत नाही. त्याची आतून मोडतोड होऊ लागते. घड्याळ थांबले तर किल्ली दिली की चालू होईल. पण चाकांचे दातेच झिजले असले तर?

ही मोडतोड म्हणजे काय, हे समजायला पेशीच्या आत शिरावे लागते. आपल्या बहुतेक पेशींत तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. तेथे साखरेचे कण प्राणवायूच्या साहाय्याने जळतात आणि त्यातून एटीपी नावाचे द्रव्य तयार होते. हे द्रव्य म्हणजे पेशीचे रोकड चलन होय. पेशी काहीही करो, दाम याच नाण्यात मोजावा लागतो. आणि विशेष असे की, हे नाणे साठवून ठेवता येत नाही. हातावरचे पोट तशी पेशीची स्थिती असते. प्राणवायू असला तर साखरेच्या एका रेणूतून सुमारे तीस नाणी पडतात. नसला तर दोन, आणि वर लॅक्टिक आम्लाचा कचरा साचतो तो वेगळाच.

आता ही रोकड कशावर खर्च होते? काम करण्यावर होते, हे तर खरेच. पण नुसते जिवंत राहण्यासाठीही तिचा मोठा भाग जातो. कोकणात ज्यांनी जुन्या लाकडी होडीतून प्रवास केला असेल, त्यांना माहीत आहे की, होडी कितीही चांगली असली तरी फळ्यांच्या सांधीतून पाणी झिरपतच असते. एक माणूस टमरेल घेऊन ते सारखे उपसत असतो. पेशी ही अशीच एक होडी आहे. बाहेर मिठाचे, म्हणजे सोडियमचे, पाणी, आत पोटॅशियमचे. बाहेरचे सोडियम सारखे आत झिरपते आणि पेशीच्या त्वचेतील पंप ते सारखे बाहेर टाकतो. हा पंप १९५७ साली येन्स स्कौ या डॅनिश शास्त्रज्ञाला खेकड्याच्या मज्जातंतूंत सापडला. पुढे चाळीस वर्षांनी, १९९७ साली, त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूच्या एकूण शक्तीपैकी जवळजवळ निम्मी या उपसण्यावर खर्च होते. मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा दोन, पण प्राणवायूचा वापर शेकडा वीस, तो यामुळेच.

प्राणवायू तुटला की रोकड संपते आणि उपसणारा माणूस हात टाकून बसतो. सोडियम आत येते, त्यामागोमाग पाणी येते, पेशी फुगते. याहून वाईट म्हणजे कॅल्शियम आत शिरते. एरवी ते पेशीच्या आत बाहेरच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकेच असते, कारण पेशी त्याचा निरोप्यासारखा उपयोग करते. थोडेसे आत आले की अमुक काम सुरू कर, असा त्याचा अर्थ. आता ते लोंढ्याने येते आणि पेशीतील सगळी पाचक द्रव्ये एकदम कामाला लागतात. ती पेशीच्या भिंती आणि सांगाडा खाऊ लागतात. मेंदूत आणखी एक अनर्थ असा की, बुडणारी पेशी आपल्याजवळचे ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य बाहेर ओतते आणि शेजारच्या पेशींनाही नको तेव्हा खडबडून जागे करून त्यांची रोकड संपविते.

रक्ताभिसरण थांबले की सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते, आणि चारपाच मिनिटांपुढे मेंदूला कायमची इजा होऊ लागते. स्नायू तासदोन तास तग धरतात. या फरकामुळेच छाती दाबून आणि श्वास फुंकून माणसाला परत आणण्याच्या विद्येत एवढी घाई असते. प्राणवायूचे नळकांडे येईपर्यंत थांबण्यात तेथे काही अर्थ नसतो. रक्त हलते ठेवणे हेच पहिले औषध.

इथपर्यंत गोष्ट समजण्यासारखी आहे. वायू तुटला, पेशी मोडू लागली. तेव्हा वायू परत द्यावा. पण १९६० साली रॉबर्ट जेनिंग्ज या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या हृदयावर जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांनी या सरळ हिशेबाला तडा दिला. त्याने हृदयाची एक रोहिणी काही काळ बांधून ठेवली आणि मग सोडली. रक्त परत आल्यावर काही मिनिटांतच स्नायूच्या पेशींत असा विध्वंस दिसला की, एरवी, रोहिणी बांधलेलीच राहिली असती तर, तो दिसायला दिवसभर लागला असता. परत आलेल्या रक्ताने पेशी मारल्या, की आधीच मेलेल्या पेशींवरील पडदा तेवढा दूर केला? या प्रश्नावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. आज बहुतेकांना मान्य आहे की, दोन्ही गोष्टी होतात. बिघडलेल्या तंतुकणिकांना एकदम प्राणवायू मिळाला की त्याचे नीट ज्वलन होत नाही. त्यातून सुपरऑक्साइडसारखे तापट अंश निर्माण होतात आणि ते दिसेल त्याला डसतात. या अंशांचा बंदोबस्त करणारे द्रव्य प्रत्येक पेशीत असते, हे १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखविले होते. पेशी स्वतःच प्राणवायूपासून बचावाची तजवीज ठेवते, ही मला तरी फार सूचक गोष्ट वाटते. बेरला याची एक बाजू दिसली होती. दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिलेल्या पक्ष्यांना झटके येऊन ते मरतात, हे त्याच्या १८७८ च्या ग्रंथातच आहे.

या ज्ञानाची किंमत मात्र लहान मुलांनी मोजली. १९४२ साली बोस्टनमध्ये डॉ. टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांमधील एका नव्या अंधत्वाचे वर्णन केले. डोळ्याच्या भिंगामागे पांढरा पडदा धरे आणि मूल जन्माचे आंधळे होई. पुढील बारा वर्षांत जगभर सुमारे दहा हजार मुले अशी दृष्टी गमावून बसली. गंमत, म्हणजे दुःखाची गंमत, अशी की, हा रोग गरिबांच्या रुग्णालयांपेक्षा उत्तम सोयीच्या रुग्णालयांत अधिक होता. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी १९५१ साली बोट ठेवले ते प्राणवायूवर. काचेच्या पेटीत दिवसेंदिवस सोडलेला भरपूर प्राणवायू डोळ्यांतील कोवळ्या रक्तवाहिन्यांची वाढ खुंटवीत होता. १९५४ साली अमेरिकेतील अठरा रुग्णालयांनी मिळून केलेल्या प्रयोगाने ते पक्के झाले. तेव्हा पेटीतील प्राणवायू शेकडा चाळीसच्या वर नेऊ नये, असा दंडक पडला. अंधत्व झपाट्याने कमी झाले. आणि मग, १९७३ साली, इंग्लंडातील केनेथ क्रॉस यांनी मृत्यूंचे आकडे मांडून दाखविले की, वाचविलेल्या एकेका दृष्टीमागे सुमारे सोळा बालके प्राणवायू कमी पडून दगावली असावीत. पूर्वी वायू जास्त दिला म्हणून डोळे गेले. आता कमी दिला म्हणून प्राण गेले. चूक दोन्ही वेळा एकच होती. पेटीतला वायू मोजला जात होता, बालकाच्या रक्तातला नव्हे.

रक्तातले माप सोपे केले ते जपानच्या ताकुओ आओयागी यांनी, १९७४ साली. बोटातून दोन रंगांचा प्रकाश आरपार पाठवायचा आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी तो कितपत अडतो ते पाहायचे. तांबड्या आणि काळपट रक्तात प्रकाश वेगवेगळा शोषला जातो, त्यावरून प्राणवायूचे प्रमाण कळते. हे चिमट्याएवढे साधन २०२० पर्यंत बहुतांशी डॉक्टरांपुरतेच होते. कोरोनाच्या साथीत ते घरोघरी गेले. त्या वेळी एक दृश्य साऱ्या जगातील वैद्यांनी पाहिले. रोगी खाटेवर बसून फोनवर बोलत आहे, मला काही होत नाही म्हणत आहे, आणि बोटावरचा आकडा सत्तरवर उतरला आहे. तिसांदिएच्या टिपणांत हेच दृश्य आहे. फरक एवढाच की, त्याच्या बोटावर चिमटा नव्हता. त्याच साथीत, २१ एप्रिल २०२१ रोजी, नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीतून प्राणवायू गळाला आणि नळीवर असलेले वीसहून अधिक रुग्ण गेले. तेथे मात्र हिशेब अगदी साधा होता. वायू तुटला, म्हणून माणसे गेली. सगळ्या सूक्ष्म विवेचनात हा ढोबळ हिशेब कोणी विसरू नये, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता शेवटचा भाग, आणि तो माझ्या स्वतःच्या अनुभवाला लागून आहे. मी प्रसूतिगृहात उमेदवारी करीत होतो, त्या काळी निळे पडलेले मूल जन्मले की सिलिंडरची किल्ली फिरवायची आणि शुद्ध प्राणवायूचा मुखवटा त्याच्या तोंडावर धरायचा, हा शिरस्ता होता. मूल रडले की आम्हांला धन्यता वाटे. किल्ली हरवलेली असली तर वरिष्ठ आमच्यावर जे काही बरसत, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. एका रात्री खरोखरच सिलिंडर रिकामा निघाला. परिचारिकेने नुसत्या हवेची पिशवी दाबून मूल रडविले. आम्ही त्याला दैव म्हटले आणि दुसऱ्या दिवशी नवा सिलिंडर मागविला. त्यात शिकण्यासारखे काही आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही. ते ध्यानात आले दिल्लीच्या डॉ. सिद्धार्थ रामजींच्या. नॉर्वेच्या ओला साउगस्टाड यांच्याबरोबर काम करून त्यांनी १९९३ साली नवजात बालकांवरील पहिला तुलनात्मक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना शुद्ध प्राणवायू, काहींना साधी हवा. हवा दिलेली मुले मुळीच मागे पडली नाहीत. पुढील मोठ्या प्रयोगांत तर शुद्ध प्राणवायू दिलेल्या मुलांत मृत्यू अधिक आढळले. २०१० पासून जगभरच्या नियमांत पुऱ्या दिवसांच्या मुलाला प्रथम साध्या हवेनेच श्वास द्यावा, असे लिहिले गेले. फुप्फुसे फुगणे हे महत्त्वाचे. कशाने फुगतात हे दुय्यम.

पण मूल रडले, गुलाबी झाले, म्हणजे संपले काय? १९८० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात अशा बालकांच्या मेंदूतील शक्तिद्रव्ये चुंबकीय यंत्राने, डोक्याला धक्का न लावता, मोजू लागले. जन्मानंतर पहिल्या काही तासांत ती पुष्कळांत ठीक दिसत. मग दुसऱ्यातिसऱ्या दिवशी, बाहेरून प्राणवायू भरपूर मिळत असतानाच, ती हळूहळू ढासळत. तोकियोचे किरिनो यांनी १९८२ साली प्राण्यांत हेच पाहिले होते. काही मिनिटे रक्त तुटले, परत आले, सर्व सुरळीत झाले आणि स्मृतीशी संबंधित भागातील पेशी दोनतीन दिवसांनी मेल्या. म्हणजे पेशी जागच्या जागी मरत नाही; ती मरणाच्या वाटेला लागते. आणि ज्याअर्थी मध्ये काही तास आहेत, त्याअर्थी त्या तासांत काही करता येईल, ही आशा निर्माण झाली.

करायचे काय, तर बालकाला थंड ठेवायचे. थंडीत पेशीचा खर्च कमी होतो, ग्लुटामेटचा पूर ओसरतो, आत्मनाशाची यंत्रणा मंदावते. १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये वेस्टिन यांनी न रडणारी मुले गार पाण्यात बुडवून पाहिली होती, पण ती कल्पना मागे पडली. २००५ साली अमेरिकेत डॉ. सीता शंकरन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या प्रयोगात, जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरुवात करून, मुलांचे अंग ७२ तास ३३.५ अंश सेल्सिअसवर राखले. एरवी शंभरांतली बासष्ट मुले दगावत किंवा मध्यम ते गंभीर प्रमाणात पंगू होत. थंड ठेवलेल्यांत हा आकडा चव्वेचाळीसवर आला. या इजेवर वैद्यकाच्या हाती आलेला हा पहिला खरा उपाय. आपल्याकडेही तो उत्साहाने सुरू झाला.

मग २०२१ साली भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात मोठ्या रुग्णालयांत, ४०८ बालकांवर, केलेल्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. थंड ठेवल्याने पंगुत्व कमी झाले नाही. आणि मृत्यू शेकडा ४२ झाले, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या मुलांत ३१. हा निकाल वाचला त्या दिवशी मी बराच वेळ काही बोललो नाही. तोच रोग, तेच यंत्र, तेच अंश सेल्सिअस. आणि फळ उलटे. संशोधकांनी यावर जो खुलासा सुचविला, त्यात पुन्हा वेळ हीच गोष्ट आहे. आपल्याकडील पुष्कळ मुलांत इजा प्रसूतीच्या त्या अर्ध्या तासात झालेली नसावी. ती गर्भातच, कित्येक तास, कदाचित थोडथोडी करीत, आधी होऊन गेलेली असावी. सहा तासांचे घड्याळ आपण जन्मापासून लावतो, पण पेशीचे घड्याळ त्यापूर्वीच सुरू झालेले असते. तसे असेल तर थंडीचे यंत्र उशिरा पोचलेल्या पत्रासारखे आहे. उपाय अलीकडे, प्रसूतीच्या खोलीत, शोधायला हवा. कळा चालू असलेल्या बाईच्या पोटाला कान लावून गर्भाच्या हृदयाचे ठोके दर पंधरावीस मिनिटांनी मोजणारी आणि ते उतरू लागताच आवाज देणारी एक शिकलेली परिचारिका, रात्री दोन वाजताही जागी असलेली, एवढेच त्यासाठी लागते. सिलिंडरची किल्ली तिच्या हाती नसली तरी चालेल.